गोल्फ कोर्सवर गवताचं काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

निफाडकर:

नमस्कार मंडळी. वय २५, बी.एस्सी. अ‍ॅग्री करून दोन वर्षं झाली. घरी निफाडजवळ साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, ती वडील आणि मोठा भाऊ बघतात. मी नाशिकला ठिबक-स्प्रिंकलरच्या एका डीलरकडे साइटवर असतो.

फेब्रुवारीत एका गोल्फ कोर्सवर व्हॉल्व्ह बदलायचं काम निघालं. पहाटे साडेपाचला बोलावलं होतं. अंधारात हेडलाइट लावून मशीन ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, फिरत होतं. पुढे एक माणूस लांब बांबूने दव झटकत चालला होता. आणि एक जण, बहुतेक तिथले साहेब, गुडघ्यावर बसले. नळीसारख्या हत्याराने त्यांनी मातीची एक कांडी उपसून काढली, बोटांनी फोडून बघितली, नाकाशी नेली. मग होती तशी परत बसवून वरून तळव्याने दाबली. मला आजोबा आठवले. वाफसा आलाय का ते बघायला ते असंच ढेकूळ हातात घ्यायचे. त्या दिवसापासून हे डोक्यातून जातच नाही.

हे काम शिकायचं कुठे? माझी पदवी उपयोगी पडेल का? गोल्फ खेळता यावं लागतं का? मी अजून ती काठी हातातही धरलेली नाही. आणि वडिलांना काय सांगू? ते एवढंच म्हणाले, "चार वर्षं कॉलेज केलं, ते गवत कापायला का?"

सिंहगड_रोड:

मी १५ वर्षं लँडस्केपिंगमध्ये आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे कोर्स मोजके आणि त्यावरची वरची जागा प्रत्येकी एकच. ती जागा रिकामी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. गृहप्रकल्पांच्या बागा, रिसॉर्ट, क्रिकेटची मैदानं यांत काम जास्त आहे. बीसीसीआय क्युरेटरांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा घेते, तीही वाट बघून ठेवा. गवत तेच असतं. गोल्फवरच थांबायचं असेल तर घर सोडायची तयारी हवी, बहुधा देशही.

हरळी:

निफाडकर, त्या मातीच्या कांडीबद्दल वाचलं आणि लिहायला बसलो. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो.

मी २२ वर्षं या कामात आहे. शिक्षण कृषी पदविका, दोन वर्षांची. सुरुवात पुण्याच्या बाजूला एका कोर्सवर रोजंदारीने केली. आज आखातात अठरा होलचा एक कोर्स माझ्या हाताखाली आहे.

आधी वडिलांचा प्रश्न घेतो, कारण तो माझ्याही घरी विचारला गेला होता. आपल्या रानात हरळी म्हणजे शत्रू. कुळवाच्या पासात अडकते, खुरपून बेजार होतो, एक कांडी राहिली तरी पुन्हा पसरते. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच ही. गोल्फचं बरंचसं गवत याच कुळातलं. फरक एवढाच की ग्रीनवर ती साडेतीन मिलिमीटर उंचीवर जिवंत ठेवायची असते. काडेपेटीतल्या दोन काड्या एकीवर एक ठेवल्या की साधारण तेवढी उंची होते. एवढ्याशा पानावर तिने अन्न तयार करायचं, मुळं खोल न्यायची, रोज शेकडो पायांखाली तुडवून घ्यायचं आणि चेंडूला रेषेत जाऊ द्यायचं. रानातल्या हरळीला कोणी विचारत नाही. ग्रीनवरची हरळी एका दुपारच्या चुकीने जाते.

एका कापणीत पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही, हा आमचा पहिला नियम. साडेतीन मिलिमीटरला हा नियम पाळायचा तर वाढीच्या दिवसांत रोज कापावं लागतं. रविवार नाही, दिवाळी नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आता तुझी पदवी. मला तुझ्या पदवीपेक्षा तुझी साडेतीन एकर बाग जास्त मोलाची वाटते, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तू द्राक्षावरचा डावणी रोग बघितला आहेस. ग्रीनवर पावसाळ्यात पिथियम नावाचा रोग येतो, तो डावणीच्याच गोत्रातला. उबदार, दमट रात्र असली की संध्याकाळी काही नसतं आणि सकाळी गवतावर कापसासारखी बुरशी दिसते. त्यातून मशीन फिरलं की चाकाबरोबर तो पुढच्या ग्रीनवर जातो. डावणीला वापरतात ते मेटॅलॅक्सिल यालाही चालतं. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की ते लागू पडेनासं होतं, हा धडाही दोन्हीकडे सारखाच. तुम्ही शेंडा थांबवायला लिहोसिन मारता. आम्ही ट्रायनेक्सापॅक मारतो. दोन्ही झाडाला स्वतःचं जिबरेलिन तयार करू देत नाहीत, म्हणून पेरं आखूड राहतात आणि पान दाट येतं. तुमच्याकडे मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिनच, देतात, आम्ही त्याच्या नेमकं उलट्या दिशेने जातो. देठ परीक्षण, पाण्याचा ईसी (क्षारांचं प्रमाण), नोझलचं कॅलिब्रेशन हे सगळं तुझ्या घरात रोजच्या बोलण्यात आहे. मला ते शिकायला सहा वर्षं लागली.

वाफसा तुला आठवला ते अगदी बरोबर जागी आठवलं. नव्या पद्धतीचं ग्रीन म्हणजे बांधून काढलेला वाफसा. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९६० मध्ये त्याची रीत छापली आणि ती थोड्याफार सुधारणांसह अजून चालते. तळाला चर खणून नळ्या, त्यावर १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर मोजूनमापून निवडलेल्या वाळूचं मिश्रण. बारीक वाळूतलं पाणी मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही, वाळूतच लटकून राहतं. पाऊस जास्त झाला आणि वाळू भरली की मग झपकन खाली जातं. म्हणजे मुळाला पाणीही आणि हवाही. तू पाहिलेले ते साहेब तेच बघत होते: ओल कुठपर्यंत आहे, मुळं किती खोल गेलीत आणि वास कसा येतो. आंबूस, गटारासारखा वास आला तर खाली हवा संपली आहे असं समजायचं. मग हॉलो टाइनने, म्हणजे पोकळ दातांनी, भोकं पाडायची, गाभा उचलून न्यायचा आणि भोकं वाळूने भरायची. दोन-तीन आठवडे खेळणारे नाराज असतात. तेवढं सोसावं लागतं.

वाळू पसरायचं श्रेय स्कॉटलंडच्या ओल्ड टॉम मॉरिसला देतात. सेंट अँड्र्यूजची हिरवळ सांभाळणारा हा माणूस चार वेळा ओपन स्पर्धा जिंकलेला खेळाडूही होता. आमच्या धंद्यातला मूळपुरुषच म्हण. पण तुला खेळता यायलाच हवं असं नाही. चेंडू कसा वागतो ते कळलं पाहिजे. संध्याकाळी एक पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी) घेऊन ग्रीनवर अर्धा तास घालवत जा. कुठली जागा मऊ आहे, कुठे चेंडू उडतो, ते कापणाऱ्याला मशीनवर बसून दिसत नाही. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची ३६ इंची पन्हळी असलेली पट्टी असते. तिच्या खाचेत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, चेंडू आपोआप सुटतो. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट्या दिशेने, आणि अंतराची सरासरी फुटांत. साधं हत्यार आहे, पण सदस्य वेगावरून वाद घालायला आले की आपल्या हातात आकडा असतो.

सुरुवात कुठून? खालून. पदवी आहे म्हणून थेट सुपरवायझरची खुर्ची मिळाली तरी मशीन सोडू नकोस. पहिलं वर्ष बंकर (वाळूचे खड्डे) ओढण्यात, कप बदलण्यात आणि मशीनमागे चालण्यात जाऊ दे. कप बदलणं, म्हणजे होल नव्या जागी पाडून त्यातली डबी तिथे बसवणं, सोपं वाटतं. होलचा व्यास सव्वाचार इंच, जगात सगळीकडे तेवढाच. कप पृष्ठभागापासून निदान एक इंच खाली बसला पाहिजे. आणि जुन्या होलमध्ये बसवलेला गवताचा तुकडा किंचित वर राहिला तर दुसऱ्या दिवशी मशीन तो सोलून काढतं, किंचित खाली राहिला तर चेंडू तिथे अडखळतो. माझा हात बसायला एक पावसाळा गेला.

मेकॅनिकशी मैत्री कर. ग्रीनवर रीलचं मशीन लागतं. फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांत कात्रीसारखं गवत कापलं जातं. धार बघायला आम्ही वर्तमानपत्राची पट्टी आत धरून रील हलकेच फिरवतो, हातमोजे घालून. कागद सरळ कापला गेला तर मशीन बाहेर काढायचं, नुसता दुमडला तर परत शेडमध्ये. बोथट पात्याने गवत फाटतं, शेंडे पांढुरके दिसतात आणि रोग तिथूनच शिरतो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या वर्षी पहाटेच्या अंधारात मी ट्रिपलेक्स (तीन रीलचं कापायचं मशीन) घेऊन निघालो. हायड्रॉलिक तेलाची एक होज (नळी) झिरपत होती. तेलाची रेघ दवात मिसळली, मला दिसली नाही. तीन ग्रीन करून आलो. दुपारपर्यंत सगळं हिरवं होतं. दोन दिवसांत तिन्ही ग्रीनवर करपलेले सरळ पट्टे उमटले आणि शनिवारी सामना होता. आमचे हेड माळी, त्यांना सगळे मामा म्हणायचे, माझ्याजवळ येऊन बसले. कप कापायचं हत्यार आणलं, नर्सरी ग्रीनवरून (बदलीचं गवत वाढवतात तिथून) गोल तुकडे काढले आणि दोन रात्री आम्ही दोघांनी बॅटरीच्या उजेडात तो पट्टा तुकड्या-तुकड्याने बदलला. ते एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी मशीन चालू करायच्या आधी त्यांनी माझा हात धरून प्रत्येक होजवरून फिरवला. आज माझ्या कोर्सवर कुठलंही मशीन होज हाताने चाचपल्याशिवाय शेडबाहेर पडत नाही. मामा आता नाहीत.

शिकण्याच्या जागा: पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं फुलशेती संशोधन संचालनालय आहे, तिथे हिरवळीच्या गवतांवरही काम होतं, एकदा जाऊन ये. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठाचे टर्फचे (खेळाच्या हिरवळीचे) अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात, इंग्लंडच्या मायर्सको कॉलेजचेही. फी भरायच्या आधी निदान वर्षभर काम कर. त्याशिवाय पुस्तकातलं काय आपल्या मातीला लागू आहे हे कळत नाही. तिकडची बरीचशी पुस्तकं बेंटग्राससारख्या थंडीच्या गवतांवर आहेत. आपल्याकडे संकरित हरळी, टिफड्वार्फ, टिफईगल वगैरे. टिफ म्हणजे जॉर्जियातलं टिफ्टन गाव. तिथे या वाणांचं काम ग्लेन बर्टन यांनी सुरू केलं, टिफड्वार्फ १९६५ चा. याला बी धरत नाही. उसाच्या टिपऱ्यांसारख्या कांड्याच लावायच्या. आणि याला ऊन हवं. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा ते विरळ होतं. त्या वेळी उंची थोडी वाढवायची आणि खेळणारे कितीही म्हणाले तरी खाली आणायची नाही.

ओहायो_ते_पुणे:

हरळीदादांनी खूपच छान लिहिलंय. मी परदेशाबद्दल थोडी भर घालते.

मी राहुरीची, बी.एस्सी. हॉर्टिकल्चर. ओहायो स्टेट विद्यापीठाचा 'ओहायो प्रोग्रॅम' म्हणून जुना उपक्रम आहे. त्यातून जे-१ व्हिसावर अमेरिकेतल्या गोल्फ कोर्सवर प्रत्यक्ष काम करत शिकता येतं. मी तशीच गेले. निफाडकर, तुझ्यासाठी महत्त्वाचं असं की जे-१ मध्ये दोन प्रकार आहेत. इंटर्न म्हणून जायचं तर तू विद्यार्थी हवास किंवा पदवी मिळून बारा महिन्यांच्या आत तिकडचं काम सुरू व्हायला हवं. ती मुदत तुझी गेली. पण ट्रेनी म्हणून जायला पदवी आणि अमेरिकेबाहेर त्याच क्षेत्रातला निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. म्हणजे आज इथल्या कोर्सवर लागलास तर पुढच्या वर्षी दार उघडं आहे. हजेरीचे आणि पगाराचे कागद नीट जपून ठेव.

माझा पहिला धक्का थंडीचा होता. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ग्रीन पांढरंशुभ्र दिसत होतं. मी पुढे पाय टाकणार तेवढ्यात सुपरिंटेंडंटने ओरडून थांबवलं. गवतावर हिम गोठलेलं असताना चाललं की पेशी फुटतात, आणि उन्हं आली की पावलांचे काळपट ठसे उमटतात. उन्हं येईपर्यंत कोणालाही आत सोडत नाहीत, मग तो क्लबचा अध्यक्ष असो. थंडीत निफाडचा पारा जिथे जातो ते बघता तुला हे उमजेल.

इथे वाचणाऱ्या मुलींसाठीही एक लिहिते. मी परत आल्यावर दोन मुलाखतींत मला विचारलं गेलं की पहाटे साडेचारला तुम्ही येणार कशा. मी म्हटलं, गाडी चालवत. तिसऱ्या ठिकाणी नोकरी लागली. आता फवारणीचं सगळं नियोजन माझ्याकडे आहे. माझ्या टीममधली माणसं सुरुवातीला माझ्याशी बोलतच नव्हती. एकदा फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या लांब हिरव्या पट्ट्यावर) बगळे जमलेले दिसले, मी बादलीभर साबणाचं पाणी एका जागी ओतलं आणि पाच मिनिटांत लष्करी अळ्या वर आल्या. त्या दिवसापासून तेच मला हाक मारून दाखवतात, "मॅडम, आज बगळे तिकडे बसलेत."

माणदेशी:

राग मानू नका, पण मनात आहे ते विचारतो. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, ते आम्ही विसरलेलो नाही. खेळायच्या गवताला एवढं पाणी घालणं पटतं का तुम्हाला?

हरळी:

माणदेशी, राग कसला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पिण्याच्या पाण्यावर कोर्स चालवणं मला पटत नाही, आणि मी असं काम स्वीकारणार नाही. आमच्याकडे आखातात गवताला प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. त्यात क्षार जास्त, म्हणून आम्ही पॅस्पलम नावाचं गवत लावलं आहे, ते खारं पाणी सोसतं. तरी क्षार वर साचतात, ते अधूनमधून धुऊन खाली ढकलावे लागतात. आपल्या शहरांत सांडपाणी भरपूर आहे. ते शुद्ध करून कोर्सपर्यंत आणायचा खर्च क्लबने उचलला पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आणखी एक. कोर्स दीडशे एकरांच्या घरात असला तरी अठरा ग्रीन मिळून जेमतेम अडीच एकर भरतात. टंचाईच्या वर्षी तेवढी ग्रीन आणि टी (चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागा) जगवायच्या, तेही हातात पाइप धरून, ओल मोजून. फेअरवे तपकिरी होऊ द्यायची. हरळी उन्हाळ्यात सुकते, मरत नाही. पहिल्या पावसाला परत फुटते, हे तुमच्या बांधावर तुम्ही दर वर्षी बघता. खेळणाऱ्यांना हिरवंच हवं असतं. त्यांना समजावणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो.

निफाडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, अनुभवाच्या कागदांचं लक्षात ठेवतो.

काल रात्री जेवण झाल्यावर हरळीदादांचं सगळं लिखाण वडिलांना वाचून दाखवलं. लिहोसिनच्या जागी त्यांनी थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला सांगितलं. मग विचारलं, "ते औषध एकरी किती मारतात?" मला सांगता आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले की खरड छाटणी उरकली आहे, आता तुझ्यावाचून काही अडत नाही.

ज्या कोर्सवर व्हॉल्व्ह बदलले होते त्यांना आज फोन केला. तीन महिने हंगामी म्हणून घ्यायला तयार आहेत, माळ्यांच्या टोळीत. सोमवारी पहाटे पाचला बोलावलंय. सोबत काय नेऊ?

हरळी:

वडिलांना सांग, ट्रायनेक्सापॅकची मात्रा एकरावर नाही, गवताचा वाण, कापणीची उंची आणि हवामान बघून ठरते. आमच्याकडे उन्हाळ्यात थोडं थोडं आणि वारंवार. तिथल्या फवारणीवाल्याला विचार आणि त्यांना नेमका आकडा कळव.

गमबूट, डोक्याला लावायची बॅटरी, खिशात मावेल अशी वही. पाऊस, तापमान, कुठे काय दिसलं, ते रोज दोन ओळींत लिही. पोहोचलास की आधी शेडमध्ये मेकॅनिकला भेट, साहेबांना नंतर. ज्या मशीनला हात लावशील त्याच्या होज चाचपून बघ.

आणि पहिल्या आठवड्यात कधीतरी परवानगी घेऊन एक मातीची कांडी काढ. मुळं किती बोटं खोल गेलीत ते मोज आणि इथे लिही. तिथल्या ग्रीनची तब्येत काय आहे ते मला इथे बसून कळेल.